वय झालंय म्हणून सोडून देऊ नका : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. वाचलीत मात्र सगळी. आणि जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य आहेच, "आता वय झालंय म्हणा". ओपीडीतही रोज ऐकते मी हे. पण वय काही तीन दिवसात होत नाही हो. सोमवारी स्वतःच्या हाताने देवपूजा करणारी बाई गुरुवारी घर ओळखेनाशी झाली तर शरीरात काहीतरी बिघडलंय आणि ते शोधायला हवं, बऱ्याचदा सापडतं आणि बरंही होतं. पहिलं पत्र त्याचंच आहे.

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी सोडली तर काही त्रास नाही, परवापरवापर्यंत भाजी निवडून द्यायच्या, संध्याकाळी सिरियल बघायच्या. मागच्या आठवड्यात २ दिवस जुलाब झाले, ते थांबले पण जेवण फारच कमी झालं आणि आता ३ दिवस झाले विचित्र वागतायत. दिवसभर झोपून असतात आणि रात्री उठून "मला घरी जायचंय" म्हणत दार उघडायला जातात. नातवाला माझ्या दिरांच्या नावाने हाक मारतात. मधेच तासभर एकदम नीट बोलतात की वाटतं झाल्या बऱ्या. मिस्टर म्हणतात म्हातारपणी विसर पडतोच, जाऊबाई म्हणतात बाहेरचं काही आहे का बघून घ्या. काय करू?
– एक सून, सांगली

उत्तर : ताई, तुमचा मेसेज वाचला त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतंच. पुढे काय झालं ते तुमच्या परवानगीने इतरांसाठी लिहितेय. सासूबाईंना दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं तर सोडियम ११६ निघालं. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. म्हणजे ना म्हातारपणाचा विसर ना बाहेरचं काही, रक्तातलं मीठ कमी झालं होतं आणि त्यामुळे मेंदू गोंधळला होता.

कसं झालं ते नीट बघा कारण हे घरोघरी होतं. त्यांच्या बीपीच्या एकाच गोळीत दोन औषधं होती, त्यातलं एक लघवी वाढवणारं, क्लोरथॅलिडोन. ही औषधं चांगली आहेत, बीपी खरंच आटोक्यात ठेवतात, पण लघवीतून सोडियमही घालवतात आणि सत्तरीच्या पुढे, त्यातही बारीक चणीच्या बायकांमध्ये, ते जास्त जाणवतं. त्यात जुलाब. त्यात जेवण नाही, नुसता चहा आणि बिस्किटं. त्यात बीपी आहे म्हणून भाजीत मीठ अर्धं, आणि उन्हाळा म्हणून सगळे मागे लागून पाणी पाजत होते, म्हणजे मीठ बाहेर जातंय, आत येत नाहीये आणि वरून पाणी ओततोय. एकेक गोष्ट सुटी असती तर निभावलं असतं, सगळ्या एकाच आठवड्यात जमल्या.

अशा अचानक गोंधळण्याला आम्ही डेलिरियम म्हणतो. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, तो महिन्या-वर्षांत हळूहळू येतो. डेलिरियम तासा-दिवसांत येतो, कमीजास्त होत राहतो, तासभर नीट आणि परत गोंधळ, रात्री जास्त. तुम्ही लिहिलेलं ते "मधेच एकदम नीट बोलतात" हे वाक्य वाचूनच मला शंका आली होती. आणि सगळेच बडबड करतात असंही नाही, काहीजण नुसते गप्प होतात, पडून राहतात, त्यांच्याकडे तर कोणाचं लक्षच जात नाही कारण ते कोणाला त्रास देत नाहीत, मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. आणि या गोंधळाचं कारण दरवेळी सोडियमच असतं असंही नाही. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया (या वयात ताप न येताही होतो), शुगर कमी होणं, लघवी तुंबणं, चार-पाच दिवस पोट साफ नसणं, नवीन सुरू केलेली एखादी गोळी, कधीकधी तर छातीत न दुखता आलेला हार्ट अटॅक. म्हणून अशी व्यक्ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची, उद्यावर टाकायचं नाही.

आता नातेवाईक हमखास भांडतात तो मुद्दा. सोडियम कमी आहे तर पटकन सलाईन लावून भरून काढा ना, ५ दिवस कशाला ऍडमिट ठेवता? तर ते पटकन भरून काढणंच धोक्याचं आहे. बरेच दिवस कमी असलेलं सोडियम एकदम वाढवलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण खराब होतं आणि ते नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून २४ तासात साधारण ८ ते १० आकड्यांपेक्षा जास्त वाढू देत नाहीत, पुन्हा पुन्हा रक्त तपासत हळूहळू वाढवतात. डॉक्टर पैसे काढायला ठेवून घेतायत असं या एका बाबतीत तरी मनात आणू नका. आणि घरच्याघरी मीठपाणी पाजण्याचा उपायही करू नका, काही पेशंटना उलट पाणी कमी करावं लागतं, काहींना हार्टचा त्रास असतो त्यांना मीठ चालत नाही. कारण कळल्याशिवाय उपाय नाही.

दवाखान्यात असताना तुम्ही त्यांचा चष्मा नेऊन दिलात आणि रात्री घरातलंच माणूस जवळ ठेवलंत याचं मला फार बरं वाटलं. चष्मा, कानाचं मशीन, कवळी, दिवसा खिडकीतला उजेड, ओळखीचा आवाज, आज कोणता वार आहे ते सहज सांगत राहणं, याने खरंच फरक पडतो. हात बांधून ठेवले की माणूस जास्त बिथरतो. आणि त्या काही बोलल्या असतील, शिव्या दिल्या असतील, तर ते मनाला लावून घेऊ नका, ते आजार बोलत होता. गोंधळ पूर्ण जायला कधीकधी काही आठवडेही लागतात, घाबरू नका. बीपीची गोळी आता बदललीय, २ आठवड्यांनी सोडियम परत तपासायचं सांगितलंय ते चुकवू नका.

प्रश्न : बाबा ७४. बीपी, गुडघे, प्रोस्टेट, झोप अशा सगळ्याचे मिळून ४ डॉक्टर आणि रोजच्या १३ गोळ्या. गेल्या वर्षभरात अंगातली ताकदच गेल्यासारखी झालीय, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता आहे, चालताना तोल जातो. प्रत्येक डॉक्टर म्हणतात माझ्या गोळ्यांनी असं होत नाही. सगळ्या गोळ्यांची नावं सोबत पाठवलीयत.
– छत्रपती संभाजीनगरहून एक मुलगी

उत्तर : यादी पाठवलीत हे फार छान केलंत. दोनदा वाचली मी. मला दिसतंय ते सांगते, पण गोळ्या बंद-चालू तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच करायच्या, काही गोळ्या एकदम बंद केल्या तर जास्त त्रास होतो, बीपी-हार्टसाठी दिलेली मेटोप्रोलॉल आणि झोपेची अल्प्राझोलॅम या दोन तर अजिबातच एकदम थांबवायच्या नाहीत.

आधी बाबांना बीपीसाठी ऍम्लोडिपिन सुरू झाली. काहीजणांना तिने घोट्यावर सूज येते, बाबांना आली. सूज दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी लघवीची गोळी दिली. मग लघवीला सारखं जावं लागायला लागलं, घाई व्हायला लागली, कधी कपडे ओले, तर तिसऱ्या डॉक्टरांनी मूत्राशय शांत करायची गोळी दिली. त्या गोळीने तोंड कोरडं आणि बद्धकोष्ठता, त्यासाठी पोट साफ व्हायची पावडर. रात्रीतून चारदा उठावं लागतं म्हणून झोप नाही, त्यासाठी झोपेची गोळी. आणि झोपेच्या गोळीने सकाळी तोल जातो. बघा, म्हणजे पहिल्या गोळीच्या साइड इफेक्टला नवा आजार समजून दुसरी गोळी, तिच्यासाठी तिसरी, अशी ही साखळी झालीय आणि यात कुठल्याही एका डॉक्टरची चूक नाहीये, प्रत्येकाने आपल्यासमोरचा त्रास बघितला, पूर्ण पिशवी कोणीच बघितली नाही.

आणखी दोन गोष्टी. ऍसिडिटीची पॅन्टोप्राझोल दोन वेगवेगळ्या नावाच्या पाकिटांत दोनदा चालू आहे. कंपनीचं नाव वेगळं, आतलं औषध तेच, हे नेहमी होतं, म्हणून पाकिटावर बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायची सवय लावा. दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली एसिक्लोफिनॅक. बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वर ही पेनकिलर, या तिघी एकत्र आल्या की किडनीवर मोठा ताण येतो, त्यात उलट्या-जुलाब झाले आणि अंगातलं पाणी कमी झालं की दोन-चार दिवसातही किडनी बिघडू शकते. बाबांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) लगेच तपासून घ्या. गुडघ्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, वरून लावायचं जेल, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून. व्यायामाने कंटाळा येतो पण काम होतं.

म्हाताऱ्या माणसांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक यादी आहे, १९९१ साली मार्क बीअर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पहिल्यांदा केली, ती अजूनही दर काही वर्षांनी सुधारून निघते. झोपेच्या गोळ्या, मूत्राशय शांत करायच्या गोळ्या, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, हे सगळं त्यात आहे. ते क्लोरफेनिरामिन तर लक्षातच ठेवा, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने साध्या सर्दीसाठी मेडिकलमधून गोळी घेतली आणि रात्री लघवी पूर्ण तुंबून कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालायची वेळ आली असे पेशंट मी दर थंडीत बघते.

तुम्ही एवढं करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, चालू, बंद, आयुर्वेदिक, चूर्ण, डोळ्याचे थेंब, सगळं एका पिशवीत भरा आणि एका फिजिशियनपुढे ओता. फक्त चिठ्ठ्या नेऊ नका, पिशवी न्या. "यातलं काय कमी करता येईल" हे शब्द वापरून विचारा, लाजू नका. चारपैकी एक डॉक्टर मुख्य ठरवा, बाकीच्यांनी काहीही नवीन दिलं की ते त्यांना दाखवायचं.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे, स्वतःच लिहितोय. रात्री २-३ वेळा उठावं लागतं. उठलो की डोळ्यापुढे अंधारी येते. मागच्या महिन्यात बाथरूमजवळ पडलो, लागलं नाही. मुलाला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल आणि फिरायला जाणं बंद करेल. हे किती मनावर घ्यावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काका, पूर्ण मनावर घ्या, आणि मुलाला आजच सांगा. एकदा पडलेला माणूस परत पडायची शक्यता जास्त असते, आणि दुसऱ्या वेळी लागणार नाहीच असं कोणी सांगावं. फिरणं मात्र बंद करू नका, हे मी मुलालाही सांगायला तयार आहे. पडायच्या भीतीने बसून राहिलं की पायातली ताकद जाते आणि मग माणूस खरंच पडतो.

अंधारी येते ते बहुतेक उठल्यावर बीपी उतरतं म्हणून. हे घरी मोजता येतं. ५ मिनिटं आडवं पडून बीपी घ्यायचं, मग उभं राहून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत, मोजताना जवळ कोणीतरी हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आणि बीपीच्या गोळ्या मिळून असं होतं, कधी वेळ बदलून, कधी डोस कमी करून सुटतं. तोपर्यंत रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसा, पाय हलवा, मग उभे राहा. घाई झाली तरी. त्यासाठी पलंगाजवळ युरिन पॉट ठेवला तर त्यात काही कमीपणा नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा, बाथरूममध्ये भिंतीला पक्का धरायचा दांडा (टॉवेलचा रॉड नव्हे, तो वजनाने निघून येतो), लादी कोरडी, आणि आतून कडी लावायची नाही. माझे वडील पडले तेव्हा आतून कडी होती, दार तोडेपर्यंतची ती १० मिनिटं मी विसरू शकत नाही.

आणि हो, पडताना डोक्याला थोडं जरी लागलं असेल आणि तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. या वयात मेंदूच्या बाहेर हळूहळू रक्त साचतं, ते २-३ आठवड्यांनीसुद्धा कळतं, डोकेदुखी, झोपाळूपणा, एक पाय ओढत चालणं असं काहीतरी होऊन. त्याचं ऑपरेशन झालं की माणूस बऱ्याचदा छान बरा होतो, पण कोणाला आठवायला हवं की महिन्यापूर्वी पडलो होतो. म्हणूनच म्हणतेय मुलाला सांगा.

प्रश्न : आई ८४, चिपळूणला असते. अंगणात पडून खुबा मोडला. तिथले डॉक्टर म्हणतात २ दिवसात ऑपरेशन करू, मामा म्हणतात या वयात भूल झेपणार नाही, हाडवैद्याकडे नेऊ किंवा घरीच झोपवून ठेवू. मी मुंबईत, काय ठरवू कळत नाहीये.
– एक मुलगा, मुंबई

उत्तर : दादा, ऑपरेशन. यांच्याशीही मी फोनवर बोलले, पण हा प्रश्न इतक्या घरांत येतो म्हणून छापतेय. मामांची काळजी मला कळते, बहिणीवरच्या मायेनेच बोलतायत ते. पण लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे धोका आणि झोपवून ठेवणं म्हणजे सुरक्षित, आणि खुब्याच्या बाबतीत ते बरोबर उलट आहे. खुबा मोडलेल्या ८४ वर्षांच्या बाईला अंथरुणावर ठेवलं तर कूस बदलतानाही कळा येतात, म्हणून हलत नाही, न हलल्याने पाठीला जखमा, छातीत कफ भरून न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, आणि माणूस खुब्याने नाही यातल्या कशानेतरी जातो. ऑपरेशन शक्यतो पहिल्या ४८ तासात झालं तर उत्तम, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभंही करतात. कंबरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करता येतो, पूर्ण भूल लागतेच असं नाही. हार्ट वगैरे बघून घेतातच, पण तपासण्यांच्या नावाखाली आठवडा घालवू नका.

एक गोष्ट सगळेच विसरतात. साधं उभ्या उभ्या पडून हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालीयत, आणि त्याचा इलाज स्वतंत्र करावा लागतो. डिस्चार्जच्या वेळी विचारा, "ठिसूळपणाचं औषध कधी सुरू करायचं?" व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, आणि वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं झोलेड्रोनिक ऍसिड येतं, ते देण्याआधी किडनी आणि दात तपासतात. नाहीतर वर्षभरात दुसरा खुबा.

प्रश्न : आई ७६, शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेते. एकादशी, चतुर्थी सोडत नाही. मागच्या एकादशीला संध्याकाळी घामाने भिजली आणि असंबद्ध बोलायला लागली, साखर दिल्यावर बरी झाली. उपास सोड म्हटलं की रडते.
– नाशिक

उत्तर : शुगर उतरली होती. ही गोळी खाल्लं-न खाल्लं न बघता शुगर उतरवत राहते, आणि वयाने किडनी मंदावली की अंगात जास्त वेळ टिकते. ७० च्या खाली गेली की लगेच ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजा, कमीच असेल तर परत द्या, मग काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं, थेट दवाखाना. आणि या गोळीने उतरलेली शुगर साखर दिल्यावर वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून "आता बरी झाली" म्हणून झोपू देऊ नका, त्या दिवशी दवाखान्यात दाखवून २४ तास लक्ष ठेवायला हवं होतं.

आईंची श्रद्धा मोडायला जाऊ नका. डॉक्टरांना सांगा की त्या महिन्यातून अमुक इतके उपास करतात आणि करणारच आहेत, उपासाला शुगर न उतरवणारी दुसरी औषधं आहेत. तीन महिन्यांची सरासरी शुगर (रिपोर्टमध्ये एचबीए१सी, ती टक्क्यांत असते) ७ च्या खाली हवीच असा हट्ट या वयात नसतो, बऱ्याच जणांना ८ पर्यंतही चालते.

प्रश्न : ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं म्हणे, आम्हाला पेन्शन आहे, तरी मिळेल का?
– सातारा

उत्तर : मिळेल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न किती का असेना, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. घरात नवरा-बायको दोघेही सत्तरीचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. फक्त ऍडमिट झाल्यावरचा खर्च, ओपीडी आणि रोजच्या गोळ्या यात नाहीत. पेन्शन केंद्र सरकारची असेल आणि सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर दोन्हीपैकी एक निवडावं लागतं, खाजगी मेडिक्लेम असेल तर मात्र तो ठेवून हेही घेता येतं. वय आधारवरून धरतात, तेव्हा आधारवरची जन्मतारीख आधी तपासा, जुन्या लोकांची तिथे बऱ्याचदा गडबड असते. कार्ड आयुष्मान ऍपवरून निघतं, चौकशीला १४५५५. जवळचं कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे आणि तिथे खुब्याचं ऑपरेशन होतं का, हार्टचं होतं का, हे आत्ताच विचारून एका कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवा, रात्री २ वाजता ते शोधायला कोणाचंच डोकं चालत नाही.